माया सोडून

"तुझ्या जिन्याखालचं ते भंगार अजून किती वर्षं सांभाळणार आहेस गं?"

धाकटी सकाळची फेरी संपवून नुकतीच घरी आली होती. एका खांद्यावर रक्ताच्या नळ्यांची रिकामी पेटी, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. घराबाहेरच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवते न ठेवते तोच थोरल्या जावेने खालच्या दारातून हा प्रश्न फेकला.

जिन्याखाली एक मोडकी सायकल होती, तळ गेलेली बादली होती, दोन खुर्च्यांचे मिळून पाच पाय होते आणि नवऱ्याने 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेला पाण्याचा पंप होता. हे सगळं तिथे बारा वर्षं होतं. एवढ्या वर्षांत थोरलीने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आज पाहिलं, म्हणजे काहीतरी होतं. थोरलीला काही हवं असलं की ती मागत नसे, समोरच्याच्या घरात खोट काढत असे. धाकटीला हे कळायला लग्नानंतर चार वर्षं लागली होती. 'तुमच्याकडचे डबे बरेच साठलेत वाटतं' म्हणजे एक डबा हवाय. 'तुझा नवरा सुट्टीच्या दिवशी नुसता लोळतो' म्हणजे माझा नळ गळतोय.

"काय झालं, ताई?" धाकटीने विचारलं.

"काय व्हायचंय? झाड तोडणार आहेत. सोमवारी."

एवढं बोलून थोरली आत गेली. उजवा हात बोटांपर्यंत पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला, तो तिने पोटाशी असा धरला होता, जणू दुसऱ्या कुणाचं सामान सांभाळायला दिलंय.

धाकटी पिशवी पायरीवरच ठेवून मागे गेली. परसाची भिंत आणि तिच्यापलीकडे छापखान्याच्या आवारातलं ते अवाढव्य झाड. गेल्या आठवड्यात त्याची एक फांदी छापखान्याच्या पत्र्यावर कोसळली होती. खोड आतून पोकळ निघालं. आता खोडावर कुणीतरी पांढऱ्या रंगाने फुली मारली होती. झाडाखाली, भिंतीच्या अलीकडे, थोरलीचा वाफा होता. एकतीस वर्षं त्याच्यावर या झाडाची सावली होती. सोमवारी झाड गेलं की मंगळवारपासून तिथे दिवसभर ऊन. आणि थोरलीची झाडं उन्हात आठ दिवस टिकली नसती.

*

थोरलीने चौतीस वर्षं कपडे आल्टर केले. चौकाजवळ एका अरुंद दुकानात तीन मशिनं, एक आरसा आणि एक पडदा. सैल झालेलं घट्ट करायचं, घट्ट झालेलं सोडवायचं. नवीन शिवणं सोपं असतं, ती म्हणायची. दुसऱ्याने केलेली चूक उसवायची आणि त्याच कापडात माणूस बसवायचा, त्याला अक्कल लागते. गल्लीत तिला कात्रीकाकू म्हणत. हातातली कात्री की तोंडातली, हे कुणी स्पष्ट करत नसे. धाकटी घरोघर जाऊन तपासणीसाठी रक्त घेत असल्यामुळे तिचं नाव आपोआप सुईवाली पडलं होतं. "त्या घरात सांभाळून जा बाबा," शेजारी म्हणत, "खाली कात्री, वर सुई."

दुकानात थोरलीचा एक शब्द ठरलेला असे. शिवणीच्या आत जे जादा कापड दडवून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. गिऱ्हाईक आरशासमोर वळून वळून बघत असलं की थोरली तोंडातल्या टाचण्या सांभाळत सांगे, "दोन बोटं माया सोडलीय हं. उद्या अंग भरलं तर उसवता येईल." माया न सोडता शिवणाऱ्यांबद्दल तिचं मत वाईट होतं. "त्याने कपडा नाही शिवला, लिफाफा शिवला," ती म्हणे.

वाफ्यातलं पहिलं झाड दुकानाच्या मालकिणीनेच दिलं, ओल्या फडक्यात गुंडाळून. "हिला होस्टा म्हणतात. ऊन दाखवू नकोस आणि फार कौतुक करू नकोस." घरामागच्या पट्ट्यात तेव्हा कपडे वाळत नसत, म्हणून तिथे कुणी फिरकत नसे. थोरलीने तिथे तो गड्डा लावला. थंडीत सगळं झाड जमिनीत गडप झालं तेव्हा तिने मालकिणीपुढे गुन्हा कबूल करायची तयारी केली होती. थंडी सरली आणि मातीतून गुंडाळलेल्या पानांच्या सुरळ्या वर आल्या, दुकानात कापडाचे तागे उभे करून ठेवतात तशा. मग एकेक तागा उलगडला. हिरवं पान आणि कडेने सायीच्या रंगाची बारीक पट्टी.

"पायपिंग!" थोरली एकटीच मोठ्याने म्हणाली होती. हे खुद्द तिनेच धाकटीला सांगितलं होतं, त्या काळात जेव्हा ती धाकटीला काही सांगत असे.

त्यानंतर अकरा जाती जमल्या. थोरलीने कुणाचंही खरं नाव लक्षात ठेवलं नाही. सायीच्या काठाची ती पायपिंगवाली, पानावर उभ्या घड्या असलेली ती चुणीदार, निळसर राखी रंगाची ती अस्तर. आणि सगळ्यांत लाडकी पोटपांढरी. तिच्या पानाचं पोट दुधासारखं पांढरं आणि भोवती हिरवी कड. पांढरा भाग अन्न तयार करत नाही, म्हणून ही कायम अशक्त. तिच्या गड्ड्यातून अधूनमधून एखादा नुसताच हिरवा कोंब येई, तो दांडगा असे, आणि वेळीच काढला नाही तर दोन-तीन वर्षांत पांढऱ्यांना खाऊन टाकी. थोरली तो दिसताक्षणी काढे.

गोगलगाईंशी तिचं उघड वैर होतं. पहाटे उजाडता उजाडता ती चिमटा आणि मिठाच्या पाण्याचा डबा घेऊन बसे. पानाला भोक दिसलं की तिचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत येई. "परत काजं पाडली मेल्यांनी! काज करता तर बटणंही लावून जा म्हणावं!"

तेव्हा धाकटीलाही वाफ्यात यायची परवानगी होती, मात्र अनवाणी. कोंब मातीखाली असतात. ते चपलेला कळत नाहीत, पायाला कळतात.

*

मग सात वर्षांपूर्वी थोरलीची लेक बाळंत झाली आणि थोरली दोन महिने तिच्याकडे गेली. जाताना वाफा धाकटीवर सोपवला. "पाणी सकाळी. पानांवर नको, बुडाशी. बाकी काही करू नकोस."

बाकी काही करू नकोस, हेच धाकटीला जमलं नाही. वीस वर्षं ती लोकांच्या पापण्या खाली ओढून आतला रंग बघत आली होती. फिकट दिसलं की तिचा जीव वरखाली होई. पोटपांढरीच्या पानांकडे बघताना तिला सारखं वाटे, ही काही बरी नाहीत. त्याच गड्ड्यातून नव्याने आलेली नुसती हिरवी पानं कशी रसरशीत! पंधरा दिवस वाट पाहून तिने उपाय केला. आणखी महिनाभर गुण आला नाही, तेव्हा तिने फिकट रोपं एकेक करून काढून टाकली, निदान चांगल्यांना तरी लागण नको. शेवटचं एक उरलं असताना फोन वाजला आणि ती उठून गेली. म्हणून ते वाचलं.

थोरली परत आली. पिशवी हातात असतानाच वाफ्यापाशी गेली. एकेक कोंब पाहिला. मग म्हणाली, "किती छान हिरवं झालंय ना."

बस्स. भांडण नाही, आदळआपट नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वाफ्याच्या तोंडाशी दोन काठ्या रोवलेल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये मापाची जुनी पिवळी टेप ताणून बांधलेली. सात वर्षांत तिचे आकडे उडाले, पण ती तिथेच होती. थोरली बोलत होती, सुट्टीच्या दिवशी जेवायला बोलवत होती, धाकटीच्या नवऱ्याच्या बाह्या वर करून देत होती. फक्त टेपच्या आत धाकटीचं पाऊल पडलं नव्हतं.

*

शनिवारी दुपारपर्यंत धाकटीच्या नवऱ्याने जिन्याखालची जागा रिकामी केली. पंप उचलताना त्याचा चेहरा अगदी उतरला होता.

"वहिनींनी बोलून दाखवलं का, जागा हवी म्हणून?" त्याने विचारलं.

"बोलल्या. भंगार म्हणाल्या."

"मग मागितलीच म्हणायची."

जागा खरंच चांगली होती. उत्तरेची बाजू, सकाळी नऊपर्यंत तिरपा उजेड, नंतर दिवसभर थंड सावली. थोरली आली, तिने मातीत डाव्या हाताची बोटं खुपसली, वास घेतला आणि म्हणाली, "बरी आहे. पंपाचं तेल सांडलंय तेवढं काढा."

रविवारी सकाळी वाफा उठवायला घेतला. सुरळ्या नुकत्या बोटभर वर आल्या होत्या. पानं उलगडायच्या आत हलवलं तरच बरं. थोरली स्टुलावर बसून हुकूम सोडत होती. मनगटाच्या नसेचं ऑपरेशन होऊन नऊच दिवस झाले होते. कात्रीने चौतीस वर्षं दाबून दाबून ती नस पार आवळली होती. तीन आठवडे चमचासुद्धा उचलायचा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती.

"भाऊजी, लांबून खणा. अजून लांबून. बटाटे नाहीत ते."

पायपिंगवाली गेली, चुणीदार गेली, अस्तर गेली. मोठमोठे ढेकळासकट गड्डे घमेल्यातून जिन्याखाली पोचले. शेवटी पोटपांढरी उरली. ती कडेच्या कोपऱ्यात होती, तिच्या मुळाशी खुणेचा लाल दोरा बांधलेली काडी. तेरा-चौदा दांडगे हिरवे कोंब आणि त्यांच्यात चेंगरलेला एक बारीक, टोकाला पांढुरकी रेघ असलेला. सात वर्षं थोरली दर वसंतात हिरवे कोंब वरून छाटत होती आणि ते दर वर्षी परत येत होते. मुळापासून वेगळं करायचा धीर तिला झाला नव्हता. मुळं एकमेकांत गुंतलेली आणि पांढरा इतका बारीक, की कापताना जरा चुकलं तर सगळंच संपलं. आता मात्र जिन्याखाली एवढा मोठा गड्डा मावत नव्हता, आणि मावला असता तरी येत्या एक-दोन वर्षांत हिरव्यांनी त्याला संपवलंच असतं.

नवऱ्याने गड्डा उचलून बादलीतल्या पाण्यात बुडवला. माती सुटली, मुळांचा गुंता उघडा पडला.

"वहिनी, हे कोण कापणार?" त्याने विचारलं. "माझ्या हाताला दोरी सोडवायलासुद्धा अर्धा तास लागतो."

थोरलीने आपल्या पट्टीकडे पाहिलं. मग जिन्याकडे. मग भिंतीवरच्या एका डागाकडे.

"त्या पेटीतल्या सुया तरी सरळ टोचतेस का गं, की लोक नुसतेच ओरडतात?"

"सरळ टोचते, ताई."

"मग ये. अन् टेप सोड आधी, पाय अडकेल."

धाकटीने चपला काढल्या. टेपची गाठ सात वर्षांत इतकी घट्ट बसली होती की तिला दातांनी सोडवावी लागली. ती आत आली, बादलीपाशी उकिडवी बसली. सुरी जुनी, दाते असलेली, धुऊन पुसलेली. तिने ती घेतली आणि खाली ठेवली.

"काय झालं?"

"दिसत नाहीये, ताई. कुठून कुणाचं मूळ निघालंय ते डोळ्यांना कळत नाहीये."

"मग?"

धाकटीने डोळे मिटले. डाव्या हाताचं पहिलं बोट पाण्यात घालून तिने गड्ड्यावरून हळूहळू फिरवलं. थांबली. दाबलं. जरा मागे आली.

"अगं, झाड आहे ते. नस शोधतेयस की काय?"

"दोन मिनिटं बोलू नका. पेशंटलाही मी हेच सांगते."

थोरली गप्प झाली. हे तिच्या आयुष्यात फार वेळा घडलं नव्हतं.

म्हाताऱ्या माणसांच्या दंडात जसं होतं तसंच होतं. वरून काही दिसत नाही, आणि बोटाखाली अचानक एक जागा सापडते जिथे मांस वेगळं आणि नस वेगळी. गड्ड्यातही तसा एक खोलगट सांधा लागला. त्याच्या एका बाजूला बारीक कोंब, दुसऱ्या बाजूला दांडग्यांची फौज. पण पांढऱ्याला चिकटूनच एक हिरवा डोळा, फुटू पाहणारा कोंब, होता, आणि त्या दोघांमध्ये सांधा काही लागत नव्हता. तिने तीनदा बोट फिरवून पाहिलं.

तिने डोळे उघडले, सुरी लावली आणि कापलं. एकदा, मग आणखी एकदा. थोरलीने पट्टीचा हात छातीशी घट्ट धरला होता. तळहातावर मावेल एवढा तुकडा वेगळा झाला.

"तो हिरवा राहिला," थोरली म्हणाली.

"काढला तर पांढऱ्याची मुळं जातात. त्याची दोन मुळं त्या हिरव्याच्याच अंगातून आलीयत." धाकटीने सुरीचं टोक त्या जागी नेलं. "काढू का, ताई? तुम्ही म्हणाल तसं."

थोरली पुढे वाकली. तुकडा डाव्या हातात घेऊन तिने उलटापालटा करून पाहिला, कपड्याची शिवण आतून बघत असे तसा.

"नको. एवढी माया असू दे. आधी अंग धरू दे त्याला. मग उसवू."

आणि तेव्हा, सात वर्षांत जे कधी तोंडातून निघालं नव्हतं ते धाकटीच्या तोंडून निघालं. "ताई, तेव्हा मला वाटलं की त्यांच्यात रक्त कमी आहे."

"काय?"

"फिकट होती ना सगळी. मला वाटलं, अशक्तपणा आहे. आधी महिनाभर मी लोहाचं टॉनिकसुद्धा घातलं. आमच्याकडच्या नमुन्याच्या बाटल्या उरल्या होत्या, लाल, गोड. चमच्याने घातलं, सकाळ-संध्याकाळ."

थोरलीने तुकड्यावरून नजर वर केली.

"जेवणानंतर?" तिने विचारलं.

मग ती हसायला लागली. स्टूल हललं, पट्टीचा हात दुखला, 'आई गं' म्हणून ती परत हसली. धाकटीचा नवरा फावडं टेकून उभा होता. त्याला हे टॉनिकचं आजच कळत होतं, आणि हसावं की नाही याचा अंदाज घेत होता.

"अगं मूर्ख मुली," थोरली डोळे पुसत म्हणाली, "मला वाटलं तू टाकीचा राग काढलास."

"कुठली टाकी?"

"मी जायच्या आदल्या दिवशी भांडलो नव्हतो का आपण? पाण्याच्या टाकीवरून? तू म्हणालीस, सगळं पाणी तुमच्या झाडांनाच जातं, आम्ही काय कोरडी आंघोळ करायची? मी म्हटलं, झालं, हिने मी नसताना मुद्दाम वेचून वेचून पांढरी काढली."

"मला टाकी आठवतसुद्धा नाही, ताई."

"मला आठवते. सात वर्षं रोज आठवते." थोरलीचं हसू ओसरलं होतं. ती हातातल्या तुकड्याकडे बघत म्हणाली, "विचारायचं होतं मी. एका शब्दाने."

"मीही सांगायचं होतं."

"तू काय सांगणार होतीस, टॉनिकचं?" थोरली म्हणाली आणि तिला परत हसू फुटलं.

*

सोमवारी झाड पडलं. मंगळवारी परसात इतकं ऊन आलं की स्वयंपाकघरातल्या भांड्यांवरचे डाग दिसायला लागले. उरलेल्या हिरव्यांचा गठ्ठा छापखान्याच्या रखवालदाराने आनंदाने नेला.

जिन्याखाली पायपिंगवाली दहा दिवसांत उलगडली, चुणीदार तिच्यामागून. पोटपांढरीचा हिरवा डोळा फुटला, त्याचं पान पंजाएवढं पसरलं. पांढुरकी सुरळी मात्र जशीच्या तशी उभी. धाकटी रोज फेरीवर निघताना पेटी खांद्याला अडकवून पायरीवरूनच वाकून बघे. खालच्या दारात थोरलीही बघत असे. दोघी एकमेकींना दिसत, आणि दोघीही हवा कशी आहे ते बघायला आल्यासारखं आभाळाकडे बघत.

पाचव्या आठवड्यात एक दिवस फेरी संपवून धाकटी आली आणि जिन्याशी थबकली. जिन्याच्या कठड्यापासून पन्हळीच्या पाइपपर्यंत ती जुनी पिवळी टेप ताणून बांधलेली होती. आकडे उडालेली तीच. गाठ डाव्या हाताने मारल्यासारखी वेडीवाकडी.

पांढरा गेला, धाकटीला वाटलं. कुजला असणार. माझ्याच सुरीने.

"तिथे काय खांबासारखी उभी राहिलीस?" आतून, पानांच्या मागून थोरलीचा आवाज आला. ती खाली बसली होती, उजव्या हातात अजून जोर नव्हता म्हणून चिमटा डाव्या हातात, शेजारी मिठाच्या पाण्याचा डबा. "इकडे ये. बघ हे."

सुरळी उलगडली होती. एकच पान, अंगठ्याएवढं. पोट दुधासारखं आणि भोवती हिरवी कड, आणि पोटाच्या बरोबर मध्ये टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक.

"उलगडतं न उलगडतं तोच काज करून गेली मेली," थोरली म्हणाली. तिच्या आवाजात इतका आनंद धाकटीने बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता.

धाकटी टेपकडे बघत तशीच उभी राहिली. "आणि ही, ताई?"

"ही भाऊजींसाठी. काल परत ती सायकल आणून टेकवली त्यांनी. तू ये."

धाकटीने पेटी पायरीवर ठेवली आणि टेपखालून वाकून आत शिरली.

"चपला," थोरली म्हणाली.